लाल गाडीतला डंपरवाला

गुणवंतराव रामटेक्यांचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर कधी लावला नाही. डोळा आपला आपण उघडायचा. चारला अंघोळ, सव्वाचारला चहा, साडेचारला बूट. घुग्घुसमधल्या दोन खोल्यांच्या घरातून मोटरसायकल बाहेर ढकलत न्यायची आणि शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून कोपऱ्यावर जाऊन सुरू करायची. पहिली पाळी सहाची. गुणवंतराव खाणीत सव्वापाचला हजर.

इतक्या लवकर कशाला? डंपर बघायला. बाकीचे डंपरवाले पाच मिनिटांत बघून मोकळे व्हायचे. गुणवंतरावांना चाळीस मिनिटं लागायची. सहा चाकं, एकेक माणसापेक्षा उंच. प्रत्येक नटावर हातोडी मारून आवाज ऐकायचा. घट्ट नट टण्ण वाजतो, सैल नट बद्द. मग तेल, पाणी, आरसे. मग तेरा पायऱ्यांची शिडी. बसल्यावर तीनदा ब्रेक दाबून बघायचा, दोनदा हॉर्न वाजवायचा आणि मग चाक हलवायचं.

आरमोरीजवळच्या धानाच्या बांध्या सोडून ते चोविसाव्या वर्षी खाणीत लागले. आधी हेल्पर, मग पस्तीस टनी डंपर, मग साठ टनी, शेवटी शंभर टनी. छत्तीस वर्षांत कोणाला धक्का लागला नाही. कोणाला मागंही टाकलं नाही, कारण खाणीच्या रस्त्यावर दुसऱ्याला मागं टाकणं हा गुन्हा आहे. भरलेला डंपर चढून येत असेल तर रिकाम्यानं थांबायचं. दोघांत अंतर राखायचं. उतार लागला की गिअर पाडायचा, ब्रेकच्या जिवावर उतरायचं नाही.

अशा माणसाला मोटारींच्या शर्यतीचं वेड लागावं, ही गंमत.

लागलं ते शहाण्णव साली, चंद्रपूरच्या महाकालीच्या जत्रेत. मुलगी दिव्यानी तेव्हा वर्षाची होती आणि आईच्या, आशाबाईंच्या, कडेवर होती. आकाशपाळण्यापलीकडे एक तंबू होता. आत एक यंत्र. मोटारीसारखी सीट, स्टिअरिंग, गिअर, खाली दोन पायडल आणि समोर पडदा. पडद्यावर निळं आभाळ, समुद्राकाठचा रस्ता, ताडाची झाडं आणि आठ मोटारी. बाहेर इंग्रजीत लिहिलं होतं ‘रेड कोस्ट रॅली’. चंद्रपूरनं एका दिवसात त्याचं नाव ‘लाल गाडी’ करून टाकलं. तंबूचा मालक बापूराव नावाचा गोल चेहऱ्याचा माणूस होता. तो दारात ओरडत होता, “बसा, चालवा, पेट्रोल लागत नाई!”

गुणवंतराव बसले. नाणं टाकलं. पडद्यावर तीन दिवे लागले. तिसरा हिरवा झाला आणि सात गाड्या उधळल्या. आठवी जागेवरच. गुणवंतराव ब्रेक बघत होते. एकदा, दोनदा, तीनदा. मग हॉर्न शोधला. हॉर्न नव्हता. म्हणून स्टिअरिंगच्या मधोमध तळहातानं दोनदा थापट्या मारल्या.

“भाऊ, फुटन थे!” बापूराव आत धावला.

मग लाल गाडी निघाली. रस्त्याच्या डाव्या कडेनं, सावकाश. पुढच्या गाडीच्या मागं अंतर राखून. पहिला फाटा यायच्या आत वेळ संपली. मागं उभी असलेली गर्दी पोट धरून हसली. आशाबाई त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसल्या.

“अवो, तुमी खाणीत डंपर चालवता का बैलबंडी?”

“ब्रेक पाह्यल्याबिगर गाडी काढत नाई मी.”

“पडद्यावरची हाये थे! कोन मरते तिथी?”

“सवय मरते,” गुणवंतराव म्हणाले आणि खिशात दुसरं नाणं शोधू लागले.

ती बैलबंडी मात्र त्यांना चिकटली. घरी आशाबाई म्हणायच्या, “बैलबंडी आली का?” जेवायला उशीर झाला की, “आज बैलबंडी कुठी अडकली?” कॉलनीतल्या बायकांनाही कळलं. गुणवंतराव रागावले नाहीत. रागावण्यात जोर खर्च होतो. त्यांनी एवढंच म्हटलं, “त्या मशीनमंदी दहा नावाची यादी हाये. दहात एकदा माह्यं नाव येईन. मंग हे बंद.”

“माह्या डोळ्यानं पाहीन तवा बंद करीन,” आशाबाई म्हणाल्या. “कॉलनीत घरोघरी जाऊन सांगीन, मानूस गाडी चालवते म्हनून.”

करार झाला.

पुढच्या वर्षी बापूरावानं गोल बाजाराजवळ दुकान घेतलं आणि यंत्र तिथे आणलं. गुणवंतरावांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी दोघं मोटरसायकलवर चंद्रपूरला जायचे. आशाबाई बाजार करायच्या आणि गुणवंतराव तीन डाव खेळायचे. तीनच. चौथा कधी नाही. “तीन फेऱ्यांत जे जमत नाई थे चौथ्या फेरीत नशिबानं जमते. नशिबाचं मले नाई पायजे,” असं ते म्हणायचे. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले तरी ते उठल्यावर सीटवर कोळशाची काळी बैठक उमटायची. म्हणून बापूराव त्यांच्यासाठी वेगळा पेपर अंथरायचा.

नव्याण्णव साली लाल गाडीचा दुसरा भाग आला. त्याच वर्षी गुणवंतरावांना साठ टनी डंपर मिळाला. दुसऱ्या भागात समुद्र जाऊन शहर आलं. उंच इमारती, पूल, बोगदे. चार रंगांच्या गाड्या. गुणवंतरावांनी लालच घेतली. आणखी एक नवी सोय होती, गिअर आपोआप पडायचे. कॉलेजची सगळी पोरं तेच बटण दाबायची. गुणवंतराव हातानं गिअर टाकायचे.

“भाऊ, ऑटोमॅटिक घ्या ना,” बापूराव सांगायचा.

“पैसे म्या चालवाचे देल्ले. बसाचे नाई.”

अडचण एकच होती, सुरुवातीचा ब्रेक. त्यात दोन सेकंद जायचे आणि यादी दोन सेकंदांनीच चुकायची. एका गुरुवारी त्यांनी मन घट्ट केलं आणि ब्रेक न बघता सुटले. वेळ यादीपासून अर्धाच सेकंद लांब आली. आजवरची सगळ्यांत चांगली. आशाबाईंनी येताना बटाटेवडे घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, साठ टनाच्या डंपरवर बसल्यावर, गुणवंतरावांचा पाय आधी ॲक्सिलेटरवर गेला.

गाडी हलली नाही, गिअर नव्हता. पण ते तसेच बसून राहिले. मग तेरा पायऱ्या उतरून खाली आले. पुन्हा सहाही चाकं बघितली. पुन्हा चढले. फोरमन ओरडत होता, तो ओरडू दिला. पुढच्या गुरुवारी बापूरावाच्या दुकानात त्यांनी हिरवा दिवा लागल्यावर तीनदा ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवर दोनदा थाप मारली. त्यानंतर आयुष्यभर मारली. ते दोन सेकंद गेलेलेच धरायचे आणि पुढे कुठेतरी कमवायचे, असं ठरलं.

कुठे, ते मात्र सहा वर्षं कळलं नाही. दिव्यानी चौथीत असताना तिच्याकडून ते आपल्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं गिरवून शिकले होते. जी, यू, एन. ती अक्षरं बोटांत तयार होती. कामाला येत नव्हती.

तिसरा भाग आला तेव्हा त्यांच्याकडे शंभर टनी डंपर होता. ह्या भागात घाट होता. वर धुकं, खाली ओला रस्ता, अकरा वळणं. बापूरावाच्या दुकानातली झाडून सगळी पोरं त्या घाटात मेली. वेगानं यायची, ब्रेक दाबायची, घसरायची, दरीत. पुन्हा नाणं, पुन्हा दरी. गुणवंतरावांनी पहिल्या वळणाआधी गिअर पाडला. दुसरा. गाडी गुरगुरत, ब्रेकला पाय न लावता, अकराही वळणं उतरली. रोज रिकामा डंपर घेऊन खाणीच्या तळाला असेच उतरत होते ते.

बापूराव काउंटरवरून उठून आला. “भाऊ, हे कुठी शिकले?”

“कामावर,” गुणवंतराव म्हणाले. त्यांना प्रश्नच समजला नव्हता.

दोन सेकंद इथे होते. तरी यादी लगेच मिळाली नाही. घाटात कमवायचं आणि सपाट रस्त्यावर गमवायचं, असे दीड वर्षाचे गुरुवार गेले.

मग दोन हजार सातचा तो जूनचा गुरुवार. आशाबाई बाहेर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घासाघीस करून घेत होत्या. बापूराव काउंटरवर डोकं टेकून झोपला होता. दुपारचे पावणेचार. तिसरा डाव. गुणवंतराव घाट उतरले, पूल ओलांडला, शेवटच्या सरळ रस्त्यावर एका निळ्या गाडीला मागं टाकलं. मनातल्या मनात तिची माफी मागितली. पडद्यावर यादी आली. दहाव्या ओळीत तीन रिकामी घरं लुकलुकत होती.

जी. यू. एन.

त्यांनी एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठले आणि दुकानाबाहेर येऊन ओरडले, “आशा! ये, लवकर ये!” दहा वर्षांत ते बाजारात पहिल्यांदा ओरडले होते. आशाबाई भाजीवालीच्या हातात पैसे ठेवून, सुटे न घेता, पिशवी सावरत धावल्या.

त्या दारात आल्या आणि लाइन गेली.

त्या वर्षी लोडशेडिंग रोजचंच होतं. यंत्राची एक खोड अशी की वीज गेली की ते सगळं विसरायचं आणि आली की बनवणाऱ्यांनी भरून ठेवलेली दहा परकी नावं दाखवायचं. हे गुणवंतरावांना माहीत होतं. म्हणून ते काळ्या पडद्याकडे बघत उभे राहिले.

“कुठी हाये नाव?” आशाबाईंनी विचारलं.

“आता होतं.”

“आता होतं, मंग आता काऊन नाई?”

“लाइन गेली.”

“वा! कोळसा तुमीच काढता, अन् लाइनबी तुमचीच जाते!”

“बापूरावले इचार.”

बापूराव नुकताच जागा होऊन डोळे चोळत होता. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. “बाई, मी झोपलो होतो,” तो म्हणाला.

“मी पाह्यलं नाई,” आशाबाईंनी निकाल दिला. “मी पाह्यलं नाई म्हंजे नाई.” परतताना त्या मोटरसायकलवर मागं बसून अर्ध्या वाटेपर्यंत हसत होत्या. अर्ध्या वाटेनंतर त्यांना भाजीवालीकडचे सुटे पैसे आठवले, मग हसू थांबलं.

असा दहावा नंबर पुन्हा आला नाही. यादीतली पोरं तरबेज झाली, गुणवंतरावांचे गुडघे जुने झाले. आणि लाल गाडीही बदलत गेली. चौथा भाग असा मोठ्या यंत्रात आलाच नाही, घरच्या टीव्हीला जोडायच्या डब्यात आला. पाचवा मोबाइलमध्ये. दिव्यानी तोवर नर्स होऊन गडचिरोलीला नोकरीला लागली होती. दिवाळीच्या सुट्टीत तिनं वडिलांच्या हातात फोन दिला.

“बाबा, ही पाहा, तुमची लाल गाडीच. नुसता असा तिरपा करा.”

गुणवंतरावांनी फोन धरला. गाडी सुटली. ब्रेक बघायला पायडल नव्हतं. ॲक्सिलेटरही नव्हता. गाडी आपोआप पळत होती, भिंतीला घासत होती, पुन्हा रस्त्यावर येत होती. पहिला नंबर आला. पडद्यावर फटाके उडाले.

“जिंकले ना बाबा तुमी!”

“मी काई केलंच नाई,” त्यांनी फोन परत दिला. “गाडी सोताहून पळते, तर मी कायले बसू?”

दोन वर्षांनी तिनंच बातमी सांगितली की सहाव्या भागानंतर त्या लोकांनी लाल गाडी बंद केली. गुणवंतराव भात कालवत होते. “भिंतीले घासून पयला नंबर येते म्हटल्यावर कोन खेळन?” एवढंच म्हणाले.

बापूरावाचं दुकानही आटलं. पोरांच्या खिशातच खेळ आला होता. गुणवंतराव निवृत्त झाले त्याच महिन्यात त्यानं शटर कायमचं पाडायचं ठरवलं. तिसऱ्या भागाचं यंत्र तेवढं चालू होतं, बाकीची कोपऱ्यात पडली होती.

“भंगारवाला किलोवर मांगून राह्यला भाऊ. तुमी घेऊन जा. फुकट.”

“फुकट नाई.”

दोन दिवस गुणवंतराव त्या दुकानात राबले. तेरा मेलेली यंत्रं एकेक करून बाहेर काढली, टेम्पोत चढवली, दुकान झाडलं, भिंतीला चुना मारला. चौदावं यंत्र घेऊन ते घुग्घुसला आले. दोर त्यांनी स्वतः बांधला होता. रस्ताभर टेम्पोवाल्याला सांगत होते, “गिअर पाड. उतार हाये.”

यंत्र पुढच्या खोलीत बसलं. खोलीत मग माणसाला आडवंच चालावं लागायचं. दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितलं आणि सांगितलं, आठवण ठेवणारा भाग जळलेला आहे, आता कुठे मिळत नाही. म्हणजे खोड कायम.

शेवटच्या महिन्याचा पगार गुणवंतरावांनी वेगळा ठेवला होता. बाकीचे पैसे घराला, आजारपणाला, म्हातारपणाला. हा मात्र वेगळा. “हा घामाचा शेवटचा हाये. ह्याले उगीच हात नोका लावू.” दिव्यानी म्हणाली, त्यातून बुद्धगयेला जाऊन या. आशाबाई म्हणाल्या, कूलर घ्या. गुणवंतराव ऐकून घेत होते.

पहाटे पावणेचारला डोळा उघडतच होता. सहाला, पाळीच्या वेळेला, ते सीटवर बसायचे. पेपर अंथरून, सवयीनं. ब्रेक तीनदा, थाप दोनदा.

“रिटायर तुमी झाले का मी?” आशाबाई आतून ओरडायच्या. “सहाले धडधड चालू!”

“तीनच डाव.”

सात महिने झाले. दहाव्या नावापासून दीड सेकंद लांब. आशाबाई चहा घेऊन मागं उभ्या राहायच्या, अकरावं वळण बघायच्या आणि “बैलबंडी बरी उतरली,” म्हणून कप गोळा करायच्या.

एप्रिलमधल्या एका दुपारी गुणवंतराव दळण आणायला गेले. घरात आशाबाई एकट्या. यंत्राची सीट पुसता पुसता त्या तिच्यावर बसल्या. नाण्याची जागा गुणवंतरावांनी उघडीच ठेवली होती. आशाबाईंनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागताच पाय दाबला. ब्रेक नाही, थाप नाही, गिअर आपोआपचा. सतरा-अठरा वर्षं पाठीमागं उभं राहून त्यांनी तो रस्ता पाहिला होता. कुठे काय येतं ते त्यांना तोंडपाठ होतं. दोनदा भिंत घासली, एकदा कोणाच्या तरी गाडीला ढकलून दिलं. घाटात मात्र, का कोण जाणे, त्या अगदी हळू उतरल्या.

यादी आली. सातव्या ओळीत तीन घरं लुकलुकू लागली.

ए. एस. एच. स्वतःची अक्षरं त्यांना येत होती. बँकेत सही इंग्रजीत करायच्या.

त्या उठून दारात आल्या. बाहेर धूळ उठली होती. वादळी वारा. कोपऱ्यावरून गुणवंतराव डोक्यावर पिठाचा डबा धरून येताना दिसले.

“अवो, या! लवकर या! माह्यं नाव आलं! सातवं!”

गुणवंतरावांनी पावलाचा वेग वाढवला नाही. डोक्यावर डबा होता. ते फाटकापाशी पोचले तेव्हा कुठेतरी तार तुटली. आधी रेडिओ बंद झाला, मग पंखा. दोघं आत आले. पडदा काळा.

गुणवंतरावांनी डबा खाली ठेवला. टॉवेलनं मान पुसली. पडद्याकडे बघितलं. बायकोकडे बघितलं.

“कुठी हाये नाव?”

“आता होतं ना! सातवं होतं!”

“आता होतं, मंग आता काऊन नाई?”

“लाइन गेली, दिसत नाई का तुमाले?”

“मी पाह्यलं नाई,” गुणवंतराव शांतपणे म्हणाले. “मी पाह्यलं नाई म्हंजे नाई.”

आशाबाई सीटवर, पेपरवर, बसल्या. गुणवंतरावांनी पीठ आत नेऊन ठेवलं, हात धुतले, परत आले. आशाबाई तिथेच.

“सांबार घेत होती मी तवा,” त्या म्हणाल्या. “तुमी बाहेर येऊन वरडले होते. तुमी कदी वरडत नाई.”

“हो.”

“आलं होतं म्हंजे.”

“दहावं. तुह्यं सातवं.”

“माह्यं पाह्यलं कोठी तुमी?”

“तू सांगून राह्यली ना.”

वीज यायच्या आधीच आशाबाईंनी दिव्यानीला फोन लावला. “तुह्या बाबाचं नाव आलं होतं बरं. दोन हजार सातात. दहावं. नाई, मी नाई पाह्यलं. तरी आलं होतं.” मग पदर खोचून त्या शेजारी गेल्या, तिथून पलीकडे, तिथून पुढच्या गल्लीत. कबूल केलं होतं तसं, घरोघरी. आपलं सातवंही सांगून आल्या. ते करारात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी वेगळा ठेवलेला पगार काढला. त्यातून इन्व्हर्टर आला आणि त्याच्याबरोबर दोन मोठ्या बॅटऱ्या. त्यांनी त्या एकट्यानं उचलून आत ठेवल्या. जोडणी करायला आलेल्या प्रफुलनं वायर हातात धरून विचारलं, “काकू, पयले काय जोडू? पंखा का बल्ब?”

“पंखा मागून,” आशाबाई म्हणाल्या. “पयले लाल गाडी.”